वाटी वेगळी, माया तीच



या आठवड्यात चेंबूरकडच्या एका भगिनींचे पत्र आले आहे. त्यांच्या घरी दोन मांजरे आहेत. त्यांतली भाटी दीड वर्षाची. महिनाभर ती नीट खाईना, अंग सुकत चालले, हिरड्या पांढऱ्या पडल्या. नववीतल्या मुलाने तिला कापडी पिशवीत घालून जनावरांच्या डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी रक्ताचे दोन-तीन थेंब तपासून सांगितले, 'फेलाइन ल्युकेमिया, पॉझिटिव्ह.' ल्युकेमिया म्हणजे रक्ताचा कॅन्सर, एवढे चाळीत सर्वांना ठाऊक. संध्याकाळपर्यंत बातमी सगळीकडे फिरली. शेजारी म्हणाले, पोत्यात घाला आणि मासळी बाजारात सोडून या. सासूबाई म्हणाल्या, घरात तान्हे बाळ आहे, ते मांजर उंबऱ्याच्या आत नको. मुलगा रुसून बसला. ताई विचारतात : हा आजार माणसाला होतो काय? दुसऱ्या मांजराचे काय करावे? आणि हिला ठेवावे की सोडावे?

काही वाचकांना वाटेल, आपल्या वस्तीत माणसाच्या औषधाला पैसे पुरत नाहीत, तेथे मांजराच्या रक्ततपासणीचे कौतुक कशाला? आपल्या समाजाने हा प्रश्न विचारावा यात काही गैर नाही. 1927 साली महाडच्या चवदार तळ्यावर कुत्र्यामांजरांना मज्जाव नव्हता, मज्जाव होता तो आपल्याला. 14 ऑगस्ट 1931 रोजी मुंबईत मणिभवनात गांधीजींची भेट झाली तेव्हाही बाबासाहेबांनी हेच बोलून दाखवले होते, की जेथे आम्हाला कुत्र्यामांजरांहून वाईट वागवले जाते त्या भूमीला मी आपली कशी म्हणू? पण त्याच बाबासाहेबांनी 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात आपल्याला 22 प्रतिज्ञा दिल्या आणि त्यांतली तेरावी प्रतिज्ञा प्राणिमात्रांवर दया करण्याची, त्यांचे पालन करण्याची आहे. या दोन गोष्टींत विसंगती नाही. आपला राग मांजरावर कधीच नव्हता. माणसाला मांजराच्याही खाली ठेवणाऱ्या व्यवस्थेवर तो होता.

शिवाय या पत्रात मांजराहून मोठा एक प्रश्न आहे. आजारी जिवाला वेगळे ठेवायचे म्हणजे नेमके काय करायचे? कोणापासून वेगळे? कशासाठी? आणि किती? ज्यांच्या आजा-पणजांची वाटी, पाणवठा आणि वस्ती पिढ्यान् पिढ्या वेगळी ठेवली गेली, त्यांनी तरी हा प्रश्न विचार करूनच सोडवला पाहिजे.

माणसाला होतो काय?

ताईंच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे. नाही. हा आजार एका विषाणूमुळे होतो आणि तो विषाणू मांजर व मांजराच्या कुळातील प्राण्यांपुरताच आहे. 1964 साली त्याचा शोध लागला. तेव्हापासून आजवर त्याच्यामुळे माणसाला आजार झाल्याचा एकही सिद्ध दाखला नाही. बाळाला नाही, सासूबाईंना नाही, मांजराला कुशीत घेऊन झोपणाऱ्या मुलालाही नाही. कुत्र्यालाही तो होत नाही. माणसाला होणारा रक्ताचा कॅन्सर वेगळा. तो मांजराच्या लाळेने वा केसाने होत नाही.

मात्र स्वच्छतेचे साधे नियम पाळावेतच, कारण आजारी मांजराची प्रतिकारशक्ती कमी झालेली असते आणि इतर काही जंतू त्याच्या अंगी असू शकतात. मांजराला हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. गरोदर बाईने मांजराची घाण काढू नये, दुसऱ्याने काढावी. हा नियम निरोगी मांजरालाही लागू आहे. मांजर चावले वा ओरखडले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजच्या इंजेक्शनाचे विचारावे.

विषाणू कसा सापडला

हा शोध स्कॉटलंडमधील ग्लासगो विद्यापीठात लागला. तेथील पशुवैद्यक संशोधक विल्यम जॅरेट यांच्या कानावर एका घराची हकिगत आली. त्या एकाच घरात बरीच मांजरे पाळलेली होती आणि त्यांच्यात गाठीचा कॅन्सर पुन्हा पुन्हा दिसत होता. अशा वेळी कोणी म्हणाला असता, घरच अपशकुनी आहे. कोणी म्हणाला असता, त्या मांजरांची जातच तशी. जॅरेट यांनी विचारले, हे एकाचे दुसऱ्याला लागत तर नसेल? त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली गाठीचे तुकडे पाहिले आणि 1964 साली विषाणूचे कण दाखवून दिले.

पुढे 1973 च्या सुमारास अमेरिकेत विल्यम हार्डी यांनी रक्तातून हा विषाणू ओळखण्याची तपासणी पुढे आणली आणि निरोगी दिसणारे मांजरही तो अंगात बाळगून असते हे उघड झाले. 1985 साली अमेरिकेत पहिली लस निघाली. कालाम लोकांना तथागतांनी सांगितले होते, की ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून मानू नका, पारखून घ्या. पारखून घेणे म्हणजे काय, याचे हे चांगले उदाहरण आहे.

पसरतो कसा

हा विषाणू मुख्यतः लाळेत असतो. मांजरे एकमेकांचे अंग चाटतात, एका वाटीत खातात, भांडणात चावतात, त्यातून तो जातो. नाकाच्या स्रावातूनही जातो. आईकडून पोटातल्या पिल्लाला आणि दुधातूनही जातो. लहान पिल्लांना त्याचा धोका सर्वांत जास्त. मोठे, धडधाकट मांजर पुष्कळदा त्याला परतवून लावते.

तो शरीराबाहेर फार टिकत नाही. उघड्यावर काही तासांतच मरतो आणि साबणाच्या पाण्यापुढे तर त्याचे काहीच चालत नाही. म्हणून घर धुपवणे, अंथरूण जाळणे, भिंती खरवडणे, यांतले काहीही करू नये. वाटी साबणाने धुतली की पुरे. येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. आपल्याकडे फरशी पुसायला फिनेल वापरतात. फिनेल मांजराला विषारी आहे. पाय चाटताना ते त्याच्या पोटात जाते. मांजर असलेल्या घरी साबणच बरा.

एक चिठ्ठी म्हणजे अखेरचा निकाल नव्हे

दवाखान्यात जी तपासणी होते ती रक्तातील विषाणूचे एक प्रथिन शोधते. छोट्या पट्टीवर वा पेटीत रक्ताचे थेंब घालतात आणि दहा-पंधरा मिनिटांत रंगीत खूण उमटते किंवा उमटत नाही. तपासणी चांगली आहे, पण तिचा अर्थ नीट लावावा लागतो.

एक, संसर्ग झाल्याबरोबर ती पॉझिटिव्ह येत नाही. साधारण महिनाभर लागू शकतो. म्हणून आजारी मांजराच्या सहवासात राहिलेले मांजर आज निगेटिव्ह आले तरी महिन्याने पुन्हा तपासावे. ताईंच्या दुसऱ्या मांजराबाबत हेच करायचे आहे.

दोन, पॉझिटिव्ह आले तरी पुन्हा खात्री करावी. काही मांजरांत शरीर विषाणूला आवर घालते आणि दीड-दोन महिन्यांनी, कधी आणखी थोड्या काळाने, तीच तपासणी निगेटिव्ह येते. अशा मांजराच्या पेशींत विषाणू दडून राहतो, पण ते बहुधा आजारी पडत नाही आणि दुसऱ्याला सहसा देतही नाही. दडलेला विषाणू पकडणारी पीसीआर ही प्रयोगशाळेतली तपासणी असते. ती परवडत असेल व जवळ होत असेल तर करावी. नसेल तर वेळ जाऊ देऊन पहिलीच तपासणी पुन्हा करावी. ज्या मांजरांत विषाणू हाडाच्या मगजापर्यंत पोचून तेथे ठाण मांडतो, त्यांचा आजार मात्र वाढत जातो.

तीन, पिल्लांची तपासणी कोणत्याही वयात होते. ती विषाणूचाच अंश शोधत असल्याने आईच्या दुधातून आलेल्या प्रतिकारशक्तीने किंवा लसीने निकाल चुकत नाही. पण पिल्लू पॉझिटिव्ह आले तर त्याचीही पुन्हा तपासणी करावी.

आणखी दोन नावांचा घोळ होतो. पॅनल्युकोपेनिया हा वेगळा रोग. त्यात उलट्या, जुलाब होऊन मांजर चार दिवसांत दगावू शकते. आपल्याकडे मांजरांना सर्रास देतात ती तीन रोगांची लस या पॅनल्युकोपेनियावर आणि मांजरांच्या सर्दी-पडशाच्या दोन विषाणूंवर असते. ल्युकेमियावर नसते. 'लस टोचली होती, तरी कसा झाला?' याचे उत्तर हे आहे. दुसरा घोळ मांजरांच्या एड्सचा. त्याचा विषाणू 1986 साली कॅलिफोर्नियात सापडला, तो मुख्यतः चावण्यातून पसरतो आणि तोही माणसाला होत नाही. पुष्कळदा एकाच पेटीत दोन्ही तपासण्या होतात. डॉक्टरांना विचारून चिठ्ठीवर नेमके नाव लिहून घ्यावे.

वेगळी वाटी कोणापासून?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पॉझिटिव्ह मांजराला वेगळे ठेवायचे, हे खरे. पण ते इतर मांजरांपासून. माणसांपासून नव्हे. त्याची खाण्याची वाटी, पाण्याचे भांडे आणि शौचाचे मातीचे टोपले निराळे असावे. दुसऱ्या मांजराशी अंग चाटणे होऊ नये. दहा बाय बाराच्या खोलीत हे कसे जमावे? अवघड आहे, पण करण्यासारखे पुष्कळ आहे. एकाला पोटमाळ्यावर, दुसऱ्याला खाली. खाण्याच्या वेळा वेगळ्या. पडवीला जाळी लावून एकाची तेथे सोय. अगदीच जमत नसेल तर निगेटिव्ह निघालेल्या मांजरासाठी नात्यातले, ओळखीचे चांगले घर शोधावे. पण त्या घरी आधीपासून मांजर असेल तर दुसऱ्यांदा तपासून निगेटिव्ह आल्याशिवाय पाठवू नये. दोन्ही मांजरे पॉझिटिव्ह निघाली तर ती खुशाल एकत्र राहू शकतात. ल्युकेमियाची लस आपल्याकडे सर्वत्र मिळत नाही. मिळत असेल तर ती निगेटिव्ह मांजराला द्यावी. आधीच लागण झालेल्याला तिचा उपयोग नाही.

असे वेगळे ठेवणे आणि विटाळ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. साताऱ्याच्या शाळेत लहान भीमरावाला नळाला हात लावता येत नव्हता. शिपायाने नळ सोडला तरच पाणी. बसायचे गोणपाट रोज घरी न्यावे लागे. त्या वेगळेपणाला कोणती तपासणी होती? कोणता विषाणू होता? त्याला मुदत नव्हती, कारण नव्हते, त्यात दोन्ही बाजूंचे हितही नव्हते. जन्म एवढाच त्याचा आधार. आजारातील वेगळेपणाला कारण असते, मर्यादा असते, आणि पुन्हा तपासून ते उठवताही येते. शिवाय त्यात सेवा असते. वाटी वेगळी ठेवणारा हातच ती वाटी भरून पुढे ठेवतो.

हा भेद घरातल्या मुलांना कळला पाहिजे, कारण तो मांजरापुरता नाही. क्षयरोग झालेल्या सुनेचे ताट सहा महिन्यांचे औषध पूर्ण करून ती बरी झाल्यावरही वेगळेच ठेवणारी घरे आहेत. एचआयव्ही झालेल्याच्या शेजारी बसल्याने, त्याच्याबरोबर जेवल्याने काही होत नाही हे ठाऊक असूनही त्याचा कप बाजूला काढणारी घरे आहेत. अस्पृश्यतेचा मार खाल्लेल्या समाजाने आजाऱ्याला अस्पृश्य करू नये.

रोजचे कसे सांभाळावे

विषाणूला शरीरातून पार घालवून देणारे औषध आजही नाही. तसे सांगून कोणी पैसे मागत असेल तर त्याच्या नादी लागू नये. अंगारा-धुपारा आपण 1956 लाच सोडला. पण औषध नाही म्हणजे उपाय नाही असे नव्हे. अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठातील पशुवैद्यकांच्या माहितीप्रमाणे निम्मी मांजरे निदानानंतर अडीच वर्षे किंवा त्याहून जास्त जगतात. मांजराच्या आयुष्यात अडीच वर्षे थोडी नाहीत.

मांजर घरातच ठेवावे. बाहेर सोडले तर गल्लीतल्या मांजरांना लागण होते आणि बाहेरचे जंतू याला लागतात. ताकद असेल तेव्हा डॉक्टरांच्या सल्ल्याने नसबंदी करावी, म्हणजे भटकणे-भांडणे थांबते आणि आजारी पिल्ले जन्मत नाहीत. कच्चे मासे, कच्चे मटण, कच्ची अंडी देऊ नयेत. उकडलेली मासळी काटे काढून, उकडलेली कोंबडी, यकृताचा एखादा तुकडा, असे मीठ-मसाल्याविना द्यावे. कांदा-लसूण घातलेला रस्सा मुळीच नको. कांद्याने मांजराच्या रक्तातील लाल पेशी फुटतात आणि येथे तर आधीच रक्त कमी असते. ताप आला म्हणून घरातली पॅरासिटामॉलची गोळी चुकूनही देऊ नये. माणसाची ती साधी गोळी मांजराचा जीव घेते.

महिन्यातून एकदा वजन करावे. काट्यावर आधी मुलाने एकट्याने उभे राहावे, मग मांजराला घेऊन. दोन आकड्यांतला फरक वहीत तारखेसह लिहावा. आठवड्यातून एकदा ओठ उचलून हिरडी पाहावी. गुलाबी असेल तर ठीक, कागदासारखी पांढरी असेल तर डॉक्टरांकडे. ताप, तोंड येणे, न भरणारी जखम, गळ्याखाली वा पोटात गाठ, धाप, दोन दिवस अन्न न घेणे, यांतले काही दिसले तर उद्यावर ढकलू नये. या मांजराला विषाणूपेक्षा संधी साधून येणारे इतर आजारच पुष्कळदा मारतात आणि त्यांतल्या अनेकांवर औषध आहे. सर्व ठीक दिसत असले तरी सहा महिन्यांनी एकदा दाखवून आणावे.

पैशाचे बोलायला लाजू नये. तपासणीपूर्वीच खर्च विचारावा आणि परिस्थिती सांगावी. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट प्राण्यांचे रुग्णालय जुने आहे. मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. तेथे चौकशी करावी. ही तपासणी सर्व ठिकाणी होत नाही, म्हणून आधी विचारून मगच मांजराला घेऊन जावे.

सोडावे की ठेवावे?

सोडू नये. पोत्यातून बाजारात सोडलेले घरचे मांजर उपाशी मरते आणि मरण्यापूर्वी तेथल्या चार मांजरांना आजार देते. पाळीव प्राण्याला असे उपाशी-तहानेले टाकून देणे 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हाही आहे. जखमेला पाणी नको म्हणून घाव घालणाऱ्यांचे ऐकू नये, तसेच 'इंजेक्शन देऊन मोकळे व्हा' म्हणणाऱ्यांचेही लगेच ऐकू नये. पूर्वी परदेशात पॉझिटिव्ह निघालेली मांजरे सरसकट मारून टाकीत. आज जाणते पशुवैद्यक सांगतात, की नुसत्या चिठ्ठीवरून खात्यापित्या मांजराचा जीव घेऊ नये.

पण एक दिवस असा येऊ शकतो, की मांजर उठत नाही, श्वास घेताना कण्हते, औषध लागू पडत नाही. तेव्हा डॉक्टर शांतपणे मरण देण्याचे सुचवतील. पहिले शील घेणाऱ्या आपल्या माणसांना हा प्रश्न जड जातो आणि जड जावा. तेव्हा सर्वांनी बसून बोलावे. त्याच्या वेदना कमी करायच्या आहेत की आपला त्रास, हे स्वतःला खरेपणाने विचारावे. शीलाचा संबंध हेतूशी आहे. वेदनाशामक देऊन मांजराला घरीच शेवटपर्यंत सांभाळणाऱ्याला कोणी वेडा म्हणू नये आणि असह्य यातनेतून सोडवणाऱ्याला कोणी पापी म्हणू नये. विनयपिटकात कथा आहे. अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडून होता, कोणी जवळ जात नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले आणि दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून अंथरुणावर ठेवले. आजाऱ्याजवळ जाणे, हा आपल्या धम्माचा जुना रिवाज आहे.

आणि मुलांना खरे सांगावे. मांजर गेले तर 'देवाघरी गेले' असे बौद्धाच्या घरात सांगू नये, 'कुठेतरी निघून गेले' असेही नाही. मूल महिनाभर गल्लीत शोधत फिरते. जे जन्मले ते जाणार, हे किसा गोतमीला गावभर मोहरी मागत फिरल्यावर कळले. मुलाला ते आईच्या मांडीवर कळले तर बरे. त्याला रडू द्यावे. वजनाची वही त्याच्याकडेच ठेवावी. त्याने लिहिलेल्या प्रत्येक तारखेला ते मांजर जिवंत होते आणि त्याच्याकडे पाहणारे कोणी होते.

वाचकांच्या घरी पाळलेल्या प्राण्यांविषयी आणखी प्रश्न असतील तर पोस्टकार्डावर, थोडक्यात, गावाचे नाव घालून कळवावेत.

जयभीम.